संगणकाला ताप येतो तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय 'कूलर निवडणे आणि बसवणे' असा आहे हे फळ्यावर वाचून सकाळपासून तिघाजणांनी मला विचारलं, की आता डिसेंबरात कूलर कशाला? अकोल्यात वाढलेल्या माणसाला कूलर म्हटलं की एकच वस्तू आठवते. खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पाण्याचा पंप आणि रात्रभर चालणारी घरघर. मी बोलणार आहे ती वस्तू तळहातावर मावते किंवा फार तर वीतभर उंच असते. ती संगणकाच्या पेटीत, प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेली असते.

विषय निवडायला कारण आहे. आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून शाळेच्या संगणक कक्षातली जुनी यंत्रं काढून नवी द्यावीत, असा प्रस्ताव काल आपण ऐकला. 'फार स्लो झालेत, मधेच बंद पडतात' अशी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. मला एवढंच सांगायचं आहे की संगणक हळू चालायला लागला म्हणजे तो म्हातारा झाला असं नसतं. पुष्कळदा त्याला ताप आलेला असतो. आणि हा ताप उतरवणं शाळेतल्या नववीच्या मुलीलाही जमतं. पैसे खर्च करण्याआधी आपण निदान ताप मोजून तरी बघू या.

आपल्या वेळचा संगणक कक्ष आठवतो? चपला बाहेर काढायच्या, रांगेत आत जायचं, एका संगणकाभोवती सहाजणांनी बसायचं आणि हात लावायचा तो बाईंनी सांगितलेल्या कळेलाच. अख्ख्या शाळेत एसी होता तो त्या एका खोलीत. गंमत अशी, की त्या काळातल्या 386 प्रोसेसरवर बहुधा पंखाच नसायचा. काळी चिप उघडीच बसलेली असायची. तिला वीजच इतकी थोडी लागायची की उष्णता आपोआप हवेत निघून जाई. मग 486 च्या वेगवान आवृत्त्या आल्या आणि चिपवर छोटे पाती असलेले पत्रे बसू लागले. 1993 साली आलेले पहिले पेंटियम सुमारे 15 वॉट खात, म्हणून त्यांना पंखाही लागला. 2004 साली आलेल्या एका पेंटियम 4 चा आकडा 115 वॉट होता. म्हणजे जुना शंभरचा बल्ब, आणि तो नखाएवढ्या तुकड्यात पेटलेला.

त्याच वर्षी इंटेलने पुढच्या, आणखी वेगवान होणाऱ्या प्रोसेसरचं काम थांबवलं आणि एका चिपवर एकाहून जास्त कोअर घालण्याची वाट धरली. यामागचं मोठं कारण उष्णता हेच होतं. मी तेव्हा नोकरीत नवी होते. तोपर्यंत आमच्या धंद्यात एक सोय होती. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर दीड-दोन वर्षं थांबायचं, नवा प्रोसेसर येई आणि तोच प्रोग्रॅम पळू लागे. ती सोय संपली. आम्हाला काम चार कोअरमध्ये वाटून देणारे प्रोग्रॅम लिहायला शिकावं लागलं. सॉफ्टवेअरवाल्यांची सगळी पद्धत बदलली, ती त्या चिपमधून उष्णता बाहेर काढता येईना म्हणून. तेव्हापासून या विषयाकडे माझं लक्ष गेलं.

आता मुळापासून बघू. प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी सगळी शेवटी उष्णता होते. पंखा निदान वारा देतो, दिवा उजेड देतो. प्रोसेसर गणित करतो आणि गणिताला वजन नसतं. 65 वॉट आत गेले की 65 वॉटची उष्णता बाहेर काढावीच लागते. कूलर ती तीन टप्प्यांत काढतो. चिपवरून धातूकडे, धातूच्या तळापासून पात्यांकडे, आणि पात्यांवरून हवेकडे. यातला एक टप्पा जरी अडला तरी पुढचे दोन कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

पहिला टप्पा सगळ्यात नाजूक. चिपचं वरचं आवरण आणि कूलरचा तळ दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण बारकाईने पाहिलं तर दोहोंत खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्यातून उष्णता जितकी सहज वाहते, त्याच्या काही हजारपट कमी सहज ती स्थिर हवेतून वाहते. म्हणून मधे थर्मल पेस्ट लावायची. ती तांब्याइतकी चांगली नसते, पण हवेपेक्षा शंभरपटीहून चांगली असते. तिचं काम एवढंच, की खळग्यांतली हवा हुसकून लावायची. म्हणून ती पातळ हवी. भिंतीतल्या भेगा लांबीने बुजवतो तशी. गिलाव्यासारखी जाड नको.

दुसरा टप्पा मला सगळ्यात सुंदर वाटतो. मोठ्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या दिसतात, त्यांना हीट पाइप म्हणतात. नळी भरीव नसते. आत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते पाणी 100 अंशांच्या खूप खालीच वाफ होतं. चिपजवळच्या टोकाला वाफ होते, ती नळीतून वर पात्यांकडे पळते, तिथे थंड होऊन पुन्हा थेंब होते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब जमतात, तेच. मग हे थेंब परत खाली कसे येतात? नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याचा सच्छिद्र थर असतो. समईची वात जशी तेल ओढून ज्योतीपर्यंत नेते, तसा तो थर पाणी ओढून परत चिपकडे नेतो. त्यात फिरणारा एकही भाग नाही. 1963 साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी हे तंत्र प्रत्यक्षात आणलं, पुढे अंतराळयानांत वापरलं गेलं, आणि आज ते आपल्या टेबलाखाली आहे.

तिसरा टप्पा म्हणजे पंखा आणि हवा. इथे आपल्या गावचा उन्हाळा मधे येतो.

खिडकीतला कूलर पाणी उडवून हवा बाहेरच्यापेक्षा थंड करतो. संगणकातला कूलर तसं करू शकत नाही. त्याच्याकडे खोलीतलीच हवा असते, आणि प्रोसेसर त्या हवेपेक्षा नेहमी काही अंश गरमच राहणार. किती अंश, ते कूलरच्या ताकदीवर ठरतं. समजा, पूर्ण कामावर असताना एखादा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा 45 अंश जास्त ठेवतो. 22 अंशांच्या खोलीत तो 67 दाखवेल, छान. मे महिन्यात आपली खोली 42 वर असते तेव्हा तोच कूलर 87 दाखवेल. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा 90 ते 100 च्या आसपास असते. म्हणजे मर्यादेच्या उंबरठ्यावर. कूलरच्या परीक्षणांतले आकडे बहुधा 20 ते 25 अंशांच्या खोल्यांतले असतात. ते वाचताना आपल्या उन्हाळ्याचे 15-20 अंश त्यात मिळवा आणि मग ठरवा. एवढी एक बेरीज लक्षात ठेवली तरी माझं आजचं भाषण सार्थकी लागलं.

मर्यादा गाठली की काय होतं? 2001 साली 'टॉम्स हार्डवेअर' या संगणकविषयक प्रकाशनाने एक चित्रफीत दाखवली होती, आमच्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनिअरांना ती आठवत असेल. चालू संगणकांवरचे कूलर त्यांनी सरळ उचलून काढले. एएमडीचा त्या वेळचा अ‍ॅथलॉन धूर सोडून जळाला. इंटेलचा पेंटियम 4 मात्र हळू झाला, पण चालत राहिला, आणि कूलर परत ठेवताच पुन्हा पळू लागला. आज सगळेच प्रोसेसर असे वागतात. मर्यादा आली की ते आपला वेग आपणच कमी करतात, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. यामुळे प्रोसेसर जळत नाही, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की तो ओरडतही नाही. फक्त हळू होतो. आणि आपण म्हणतो, 'जुना झाला.'

काल दुपारी चहाच्या वेळी सरांची परवानगी घेऊन मी संगणक कक्षातल्या दोन यंत्रांच्या पेटीची बाजू उघडली. दोन्ही इंटेलच्या चौथ्या पिढीतली आय-थ्री यंत्रं. पंखा आणि पाती यांच्यामध्ये धुळीची गोधडी बसलेली. पंखा फिरत होता, पण हवा पलीकडे जात नव्हती. एका यंत्राच्या कूलरची चारपैकी एक खुंटी सुटलेली. काम दिल्यावर काही मिनिटांत तापमान 98 वर पोचलं आणि वेग कोसळला. बाहेर छान थंडी, खोलीत 25 अंश, तरी ही अवस्था. मग उन्हाळी सुट्टीतल्या वर्गांना ती यंत्रं मधेच बंद पडतात यात नवल नाही. त्यातलं एक यंत्र काल संध्याकाळी साफ करून, पेस्ट बदलून, खुंटी नीट बसवून चालवलं. त्याच कामाला आता ते 65 वर थांबतं. मे महिन्यात खोली 42 वर गेली तर 82 होईल. म्हणजे चालेल. खर्च पेस्टच्या एका नळीचा, आणि ती नळी आणखी कितीतरी यंत्रांना पुरेल. नवा कूलरसुद्धा लागला नाही.

मग नवा कूलर घ्यायचा कधी? जिथे प्रोसेसर सोबतच्या कूलरच्या आवाक्याबाहेरचा असतो तिथे. शाळेला व्हिडिओ संपादनासाठी एक चांगलं यंत्र द्यायचं ठरलंच तर ते असंच असेल. तेव्हा निवडीच्या चार गोष्टी सांगते. यांपलीकडे दुकानात कुणी काही सांगितलं तर हसून ऐकून घ्या.

पहिली, प्रोसेसर किती वीज घेतो. डब्यावर 65 वॉट लिहिलेलं असतं, पण तो प्रत्यक्षात जास्त घेऊ शकतो. इंटेलच्या आय-फाइव्ह 12400 चा मूळ आकडा 65 वॉट, पण जोरात असताना तो 117 पर्यंत जाऊ शकतो. आय-फाइव्ह 13600के चा मूळ आकडा 125 आणि कमाल 181. आय-नाइन 14900के तर 253. कूलर निवडताना मोठा आकडा बघायचा. पहिल्यासोबत डब्यातच छोटा कूलर येतो. 'के' लावलेल्या प्रोसेसरांसोबत तो येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि हे बिल झाल्यावर लक्षात आलं की चिडचिड होते.

दुसरी, सॉकेट. मदरबोर्डवर कूलरसाठी चार भोकं असतात. इंटेलच्या एलजीए 1150, 1151, 1200 या सॉकेटांत त्यांच्यातलं अंतर 75 मिलिमीटर होतं. एलजीए 1700 मध्ये ते 78 झालं. तीन मिलिमीटरचा फरक, पण जुना कूलर बसत नाही म्हणजे नाही. एएमडीच्या एएम4 साठीचे बरेचसे कूलर एएम5 वरही चालतात. डब्यावर आपल्या सॉकेटचं नाव आहे की नाही ते वाचायचं.

तिसरी, उंची. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात 'कूलरची कमाल उंची' दिलेली असते. 120 मिलिमीटरचा एक पंखा असलेले उभे कूलर साधारण 155 ते 160 मिलिमीटर उंच असतात. कूलर मास्टरचा हायपर 212 याच घरातला. नॉक्टुआचा एनएच-डी15 हा दोन मनोऱ्यांचा कूलर 165 मिलिमीटर. कॅबिनेट 150 घेत असेल तर बाजूचं झाकण लागणार नाही. तयार ब्रँडेड यंत्रांच्या अरुंद पेट्यांत तर उभ्या कूलरचा विचारही करू नका, तिथे बसके कूलरच लागतात.

चौथी, शेजारी. कूलरचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो का? उंच, दिवे लावलेल्या रॅमवर पंखा टेकतो. साधी बुटकी रॅम असेल तर प्रश्न नाही.

हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, की 'पाण्याचा घ्यायचा की हवेचा?' पाण्याच्या कूलरमध्ये पंप, नळ्या आणि रेडिएटर असतो. गाडीच्या इंजिनासारखी रचना. 200-250 वॉटच्या प्रोसेसरला तो शोभतो. पण तोसुद्धा शेवटी खोलीचीच हवा वापरतो, खोलीपेक्षा थंड करत नाही. पंप बंद पडला की मिनिटभरात सगळं थांबतं, आणि आतलं द्रव भरता येत नाही. हवेच्या कूलरचा पंखा गेला तर यंत्र हळू होतं, बाजारातून 120 मिलिमीटरचा दुसरा पंखा आणायचा, दोन तारांच्या चापांनी लावायचा, झालं. जिथे दुरुस्तीला माणूस लगेच मिळत नाही, धूळ आहे, वीज येते-जाते, तिथे माझं मत सरळ आहे. एक चांगला उभा हवेचा कूलर. दोन-तीन हजारांत मिळतो. पंखे बदलत तो दहा-दहा वर्षं चालतो, कारण उरलेला भाग म्हणजे नुसतं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम.

आता बसवण्याबद्दल. घरी जाऊन कुणी करून बघणार असेल तर क्रमाने ऐका.

यंत्र दहा मिनिटं चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढा. आपल्याकडे थंडीत हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. ती ठिणगी चिपला मारक असते. म्हणून आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, आणि मधूनमधून लावत राहा. पंख्याची वायर सोडवा.

जुना कूलर सरळ वर ओढू नका. एएमडीच्या एएम4 प्रोसेसरच्या पिना खालून सॉकेटमध्ये नुसत्या धरलेल्या असतात. पेस्ट चिकट असेल तर कूलरसोबत प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. डबीचं घट्ट झाकण उघडताना करतो तसं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवायचं. चिकटपणा सुटला की मग उचलायचं. आणखी एक. एएम4 मध्ये वरचे चारही स्क्रू काढले की मदरबोर्डच्या मागची धातूची पट्टी सुटून खाली पडते. तिला मागून एका हाताने धरायला कुणाला तरी बसवा. एकट्याचं काम नाही, चहा पिणारा एक मदतनीस हवा.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. चिपचं आवरण आरशासारखं दिसलं पाहिजे. मग नवी पेस्ट मधोमध. किती? मसुरीच्या दाण्यापेक्षा मोठी, मटारच्या दाण्यापेक्षा लहान. बोटाने पसरायची नाही, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते.

कूलरच्या तळाला कारखान्यातून पारदर्शक प्लॅस्टिक लावलेलं येतं. ते काढा. हे मी मुद्दाम थांबून सांगते आहे. त्यावर इशारा छापलेला असतो, तरी ते तसंच राहिल्याच्या कहाण्या आमच्या धंद्यात दर वर्षी ऐकू येतात.

कूलर सरळ वरून ठेवायचा, एकदा टेकला की उचलून बघायचा नाही. उचललात तर पेस्टमध्ये हवा शिरते, पुन्हा पुसून नव्याने सुरुवात. स्क्रू एकदम घट्ट करायचे नाहीत. गाडीच्या चाकाचे नट आवळताना समोरासमोरचे थोडेथोडे आवळतो, तसंच इथे. एकीकडचे दोन फेरे, मग समोरचे दोन. बहुतेक चांगल्या कूलरांचे स्क्रू ठरावीक जागी आपोआप थांबतात, त्यापुढे जोर लावायचा नाही. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला स्क्रूऐवजी प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्याही समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, 'टक' असा आवाज आला पाहिजे, आणि मदरबोर्डच्या मागून बघायचं की चारही खुंट्यांची टोकं पूर्ण बाहेर आली आहेत. आपल्या कक्षातल्या त्या यंत्राची एक आली नव्हती. कूलर एका कोपऱ्यात उचललेला, आणि इतकी वर्षं बिचारा तापात काम करत होता.

पंख्याची दिशा बघा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्यांची चौकट असते, हवा त्या बाजूने बाहेर पडते. उभ्या कूलरमध्ये हवा कॅबिनेटच्या पुढून मागे जायला हवी. वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावा. दुसरीकडे लावली तर बरेच मदरबोर्ड सुरू होताना तक्रार करतात.

आणि शेवटी ताप मोजायचा. आधी बायोसमध्ये पंख्याचे फेरे आणि तापमान बघा. मग तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्रॅम लावून यंत्राला अर्धा तास भरपूर काम द्या आणि आकडा कसा चढतो ते बघा. काम दिल्याबरोबर काही सेकंदांत 90 पार गेला, तर पेस्ट किंवा दाब नीट नाही, पहिला टप्पा अडला आहे. आधी ठीक राहून पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेला, तर कूलर बरोबर आहे, पण पेटीतली गरम हवा बाहेर जात नाही. मागच्या बाजूला पंखा लावा किंवा यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. वैद्य नाडी बघून सांगतात तसं, चढण्याची चाल बघून रोग कळतो.

आपल्याकडच्या दोन खास सूचना. खिडकीतल्या कूलरचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नका. त्या हवेत ओलावा असतो, आपल्या जड पाण्याचे बारीक तुषारही येतात, आणि ओली धूळ पात्यांवर चिखलासारखी बसते. खोली थंड होऊ द्या, झोत बाजूने जाऊ द्या. दुसरी, शाळेच्या जुन्या सवयीची. यंत्र झाकायचं प्लॅस्टिकचं कव्हर यंत्र बंद करून, गार झाल्यावरच घाला. आणि सुट्टी लागण्याआधी एकदा आणि जूनमध्ये एकदा ब्लोअरने धूळ उडवा, यंत्र बाहेर व्हरांड्यात नेऊन. उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो वाटेल तसा फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. निधी कमी करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं असं, की आधी सगळी यंत्रं उघडून बघू. साफ करून, पेस्ट बदलून, तापमान मोजून जी नीट चालतील ती ठेवू. ज्यांची हार्ड डिस्क जुनी आहे त्यांना वाचलेल्या पैशांतून एसएसडी बसवू, कारण हळूपणाचं दुसरं मोठं कारण ते असतं. त्याउपर जी यंत्रं खरोखर कामातून गेली असतील तेवढीच बदलू. आणि उरलेल्या रकमेत ते एक चांगलं संपादनाचं यंत्र, सुटे भाग आणून, इथेच जोडू.

आणि हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं नाही. आठवी-नववीच्या मुलामुलींच्या हातून करायचं, आपण फक्त शेजारी उभं राहायचं. माझा जीव या मागणीत जास्त अडकला आहे. आपल्याला संगणकाला हात लावू दिला नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा एक यंत्र म्हणजे एका शिक्षकाचा कितीतरी महिन्यांचा पगार होता, आमच्या बाई घाबरत होत्या ते योग्यच होतं. आज कक्षातल्या या यंत्रांची बाजारात किंमत फारशी उरलेली नाही. भीतीने झाकून ठेवण्यासारखं काही नाही. पण शिकायला ती सोन्यासारखी आहेत. पुस्तकात 'उष्णतेचे वहन' हा धडा आहेच. तांबं, हवा, बाष्पीभवन, सगळं त्या पेटीत आहे. एका मुलीने स्वतः पेस्ट लावून 98 चे 65 करून दाखवले, तर तो धडा ती जन्मात विसरणार नाही. शिवाय मला नोकरीत दिसतं ते असं, की मुली प्रोग्रॅमिंगला येतात, उत्तम करतात, पण स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची वेळ आली की आजूबाजूला मुलगा शोधतात. ती सवय शाळेतच मोडता येते.

नाताळच्या सुट्टीतला शनिवार-रविवार आपण ठरवू. येताना प्रत्येकाने फिलिप्सचा चुंबकी स्क्रूड्रायव्हर आणि जुन्या सुती धोतराचा स्वच्छ तुकडा आणावा. पेस्ट आणि अल्कोहोल मी आणते. ब्लोअर कुणाकडे असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला सांगावं. दर यंत्राच्या बाजूला एक कागद चिकटवू. तारीख, खोलीचं तापमान, यंत्राचं तापमान, आणि बसवणाऱ्या मुलामुलींची नावं. मे महिन्यात, पारा 45 वर असताना, सर तोच आकडा पुन्हा लिहून आम्हाला पाठवतील. त्यावरून कोणतं यंत्र बदलायचं ते आपण जूनमध्ये ठरवू, अंदाजाने नव्हे, मोजून.